मांडीवर दिलं, म्हणजे दत्तक झालं?

आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याच्या टपरीत दत्तकपत्राचा तयार मसुदा मिळतो. वर 'लिहून घेणार', खाली 'लिहून देणार', मध्ये रिकाम्या जागा. नावं भरायची, बाँड पेपरवर छापायचं, नोटरीचा शिक्का घ्यायचा. मूल दत्तक झालं, अशी पक्की समजूत.

मागच्या जूनमध्ये असाच एक कागद घेऊन एक कुटुंब माझ्याकडे आलं. थोरल्या भावाच्या लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूल नाही. धाकट्याला दोन मुलगे, त्यातला लहान तीन वर्षांचा. तो थोरल्याच्या मांडीवर द्यायचं घरात ठरलं होतं. बालवाडीत नाव घालायला गेले तेव्हा बाईंनी कागद परत केला आणि वकिलाला दाखवून या म्हणाल्या. मी पाहिला. सह्या दोनच, थोरल्याची आणि धाकट्याची. साक्षीदार म्हणून गावातले दोघं. बायकांच्या सह्या कुठे आहेत, विचारलं, तर थोरले म्हणाले, "त्यांना विचारलंय की. घरातलीच गोष्ट आहे." दोघी जावा मागच्या बाकावर बसल्या होत्या. मुलगा धाकटीच्या मांडीवर, तिच्या पिशवीच्या चेनशी खेळत.

दत्तक म्हटलं की आपल्याकडे परवानगीची एक यादी मनात तयार असते. सासऱ्यांना चालेल का, भाऊबंद जमिनीवरून भांडतील का, नणंद काय म्हणेल. यातल्या एकाचीही संमती कायदा मागत नाही. आणि ज्यांची मागतो, त्यांना घरात बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. जन्म देणारी आई, दत्तक घेणाऱ्याची बायको आणि काही बाबतीत ते मूल स्वतः. इतकी वर्षं या कामात काढल्यावर माझं मत असं झालंय की दत्तकाची बहुतेक प्रकरणं याच दोन याद्यांच्या फरकामुळे फसतात.

आधी रस्ता कोणता ते बघायला हवं, कारण संमती कुणाची आणि कुठे द्यायची हे त्यावर ठरतं. एक रस्ता १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याचा. यात हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही येतात. इथे मूल एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात थेट जातं. देणारे आई-बाप आणि घेणारे आई-बाप एकमेकांसमोर असतात. दुसरा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. अनाथ, टाकून दिलेलं किंवा आईबापांनी सरकारी समितीकडे सोपवलेलं मूल याच रस्त्याने मिळतं, कुठल्याही धर्माच्या माणसाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, तेव्हाच्या जुन्या बाल न्याय कायद्याखालीच, हे स्पष्ट केलं होतं. नात्यातलं मूलही या रस्त्याने घेता येतं, पण 'नातेवाईक' म्हणजे कोण हे तिथे ठरलेलं आहे: मुलाचे काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. आपल्याकडे चुलतभावाच्या साडूलाही नातेवाईकच म्हणतात. कायदा म्हणत नाही.

आता त्या दोन सह्यांच्या कागदाकडे येऊ. तो हिंदू कायद्याच्या रस्त्यावरचा होता. या कायद्यात विवाहित पुरुषाला मूल दत्तक घ्यायचं तर बायकोची संमती लागते. अपवाद तीनच: तिने संन्यास घेतला असेल, ती हिंदू राहिली नसेल किंवा न्यायालयाने तिला वेडसर ठरवलं असेल. २०१० पर्यंत विवाहित बाईला नवरा असताना स्वतःच्या नावाने दत्तक घेताच येत नव्हतं, आणि मूल देण्याचा अधिकार आधी बापाचा होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने दोन्ही बदललं. आता आई आणि बाप दोघांनाही मूल देण्याचा सारखाच अधिकार आहे, पण एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरता येत नाही. म्हणजे माझ्यासमोरच्या कागदावर चार जणांचा होकार हवा होता आणि दोघांचाच होता.

"पण त्या तिथेच होत्या," असं थोरले म्हणाले. "पूजेला बसल्या होत्या. ओटीही भरली."

नेमका हाच मुद्दा २०११ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. नवऱ्याने मूल दत्तक घेतलं, समारंभ झाला, बायको तिथे हजर होती. नंतर ती म्हणाली, मी होकार दिलाच नव्हता. न्यायालयाने सांगितलं, समारंभाला गप्प बसून राहणं ही संमती नव्हे. तिचा होकार एकतर लेखी हवा किंवा तिने स्वेच्छेने केलेल्या एखाद्या स्पष्ट कृतीतून दिसायला हवा. बायको भांडली नाही म्हणजे तयार आहे, हा आपल्या घरांमधला हिशेब कायद्यात चालत नाही. मला हा निकाल फार आवडतो. पाटावर बसवलेली, डोक्यावर पदर घेतलेली, कुणी काही न विचारलेली बाई त्यात कुणीतरी पहिल्यांदा नीट पाहिली आहे.

२०२० चं एक प्रकरण तर वाचताना पोटात कालवतं. एका मुलीचं म्हणणं, मी या दांपत्याची दत्तक मुलगी. लहानपणापासून त्यांनीच वाढवलं, शाळेच्या दाखल्यावर आईबाप म्हणून त्यांचीच नावं. बाप वारले, मिळकतीचा प्रश्न आला आणि आई न्यायालयात म्हणाली, मी हिला दत्तक घेतलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा दावा फेटाळला. तिला सांभाळलं यावर वाद नव्हता. पण मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी झाला, हे सिद्ध होईना. बायकोची संमतीही सिद्ध होईना. दाखल्यावरचं नाव दत्तकाचा पुरावा ठरलं नाही. त्या दिवशी वीस मिनिटं काढून एक कागद कुणी केला असता, तर पुढची सगळी वर्षं वाचली असती.

तो कागद म्हणजे नोंदणीकृत दत्तकपत्र. नोटरीचं नव्हे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेलं, मूल देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सहीचं. असं पत्र समोर आलं की दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं न्यायालय धरून चालतं, आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं आक्षेप घेणाऱ्यावर जातं. मी यावर चारही जणांच्या सह्या घेते, त्याशिवाय मसुदा पुढे सरकवत नाही. मूल प्रत्यक्ष एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जाणं मात्र हवंच. तो या कायद्यातला मूळ विधी आहे. दत्तहोम केलाच पाहिजे असं नाही. भटजींना हे सांगितलं की ते माझ्यावर रागावतात.

बाकीच्या अटी चटकन सांगते. मूल पंधरा वर्षांखालचं आणि अविवाहित हवं, रूढी वेगळी असेल तर गोष्ट निराळी. घरात मुलगा, नातू किंवा पणतू असेल तर आणखी मुलगा घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. पुरुष मुलगी घेत असेल किंवा स्त्री मुलगा घेत असेल तर वयात एकवीस वर्षांचं अंतर हवं. मुलाच्या बदल्यात पैसे दिले-घेतले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "बाळंतपणाचा खर्च दिला" हे त्यावरचं उत्तर नाही.

वेगळे राहणाऱ्या नवरा-बायकोंचा प्रश्न अवघड असतो. दहा-दहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली, पण फारकत न झालेली जोडपी माझ्याकडे येतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातल्या एका अपंग बाईंचं प्रकरण होतं. लग्न झालं, पण संसार झालाच नाही. त्या कायम माहेरी राहिल्या आणि पुढे एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. न्यायालयाला त्यांच्याबद्दल सहानुभूती होती, तरी निकाल विरुद्ध गेला. घटस्फोटितेसारखं जगणं आणि घटस्फोटित असणं यात कायदा फरक करतो. आज २०१० नंतरही, हिंदू कायद्याखाली नवरा हयात आणि लग्न कायम असेल तर त्याची संमती आणावी लागते, तो कुठेही असला तरी. आधी फारकत, मग दत्तक, हा क्रम पाळा असं मी सांगते. ऐकून बायका हसतात. त्या हसण्यात आनंद नसतो.

आता दुसरा रस्ता. इथे संमती घेण्याची रीत जास्त काळजीची आहे, आणि माझ्या मते जास्त माणुसकीची.

आई किंवा आईबाप मूल सांभाळू शकत नसतील तर त्यांना जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जाऊन ते सोपवता येतं. समितीने आधी समुपदेशन करायचं, कारण विचारायचं, कुणाचा दबाव आहे का ते पाहायचं. मग समर्पणपत्रावर सही. लग्नाच्या जोडप्याचं मूल असेल तर दोघांची सही लागते, दोघांपैकी एक वारला असेल तर मृत्यूचा दाखला. कुमारी मातेचं असेल तर तिची एकटीची पुरते. बाळाच्या बापाला शोधत बसायची गरज नसते, आणि तिच्या स्वतःच्या बापाच्या सहीचीही नाही. अशा वेळी मुलगी खाली मान घालून बसते आणि बोलतात ते तिचे वडील, हे चित्र या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिलंय. तिच्या वडिलांना बाहेर बसायला सांगणं, हे समितीच्या सदस्याचं पहिलं काम असायला हवं.

सही झाली तरी संपत नाही. तिच्यापुढे साठ दिवस असतात. एकोणसाठाव्या दिवशी येऊन ती म्हणाली, "माझं बाळ मला परत द्या," तर तिचं ऐकावं लागतं. बाळंतपण झालेल्या बाईने आठवड्याभरात दिलेला होकार किती तिचा आणि किती परिस्थितीचा, हे तिलाही माहीत नसतं. साठ दिवस त्यासाठी आहेत. ते संपल्यावरच समिती मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते. तिची माहिती गुप्त राहते.

ज्या मुलाच्या आईबापांचा पत्ताच नाही, त्याचं काय? तिथे संमती कुणाकडे मागणार? तुम्ही वर्तमानपत्रात ती छोटी चौकोनी जाहिरात पाहिली असेल. डोळे मिटलेल्या बाळाचा धूसर फोटो, सापडल्याची तारीख, अंगावरचे कपडे आणि पालकांनी अमुक पत्त्यावर संपर्क साधावा अशी ओळ. मूल मिळाल्यापासून बहात्तर तासांत ती द्यावी लागते. आपण पान उलटतो. ती जाहिरात म्हणजे, जी बाई समोर नाही तिला कायद्याने विचारलेला प्रश्न. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने उत्तराची वाट पाहिली जाते. १८७५ साली पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं, आणि त्याच्या बारा वर्षं आधी जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात, तेव्हा असं विचारणारं कुणी नव्हतं. बाईने मूल ठेवून निघून जावं, नाव सांगू नये, हाच तिच्या जगण्याचा मार्ग होता. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा. तो पुढे डॉक्टर झाला.

"ओळखीच्या नर्सबाई आहेत, एक बाळ आहे म्हणतात" असा फोन मला वर्षातून एकदा तरी येतोच. टाकलेलं किंवा सोपवायचं मूल या पद्धतीला वळसा घालून दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकलं-विकत घेतलं तर कैद पाच वर्षांपर्यंत. घेणारेही आरोपी होतात. आणि मूल परत जातं, जे सगळ्यांत वाईट.

दत्तक घेणाऱ्यांच्या बाजूनेही इथे बरंच विचारलं जातं. 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं. नवरा-बायको दोघांची संमती लागते, लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कुणालाही घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. दोघांच्या वयांची बेरीज पाहतात: दोन वर्षांखालचं बाळ हवं तर ती पंचाऐंशीच्या आत हवी. चाळिशी ओलांडलेली जोडपी हे ऐकून बोटांवर मोजायला लागतात. त्यांना मी सांगते, थोडं मोठं मूल घ्या; चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ही बेरीज शंभरपर्यंत चालते.

मग समाजसेविका घरी येते. चहा होतो, कपाटं आवरून ठेवलेली असतात. तिला कपाटांशी घेणं नसतं. ती सासूबाईंशी स्वतंत्र बोलते, घरातल्या मुलाशीही. तुमचं स्वतःचं मूल पाच वर्षांहून मोठं असेल तर त्याचीही संमती विचारतात. त्याला वाटून घ्यायचं असतं ना सगळं: खोली, आईची मांडी, रविवारचा बाप. सासूबाईंची सही मात्र कागदावर लागत नाही. त्यांचं मन वळवायला महिने घालवू नका असं मी म्हणणार नाही, कारण मूल त्यांच्याच घरात वाढणार आहे. पण त्यांचा नकार कायद्यातला अडथळा नाही, एवढं माहीत असावं. एकट्या पालकाला एक हमी मात्र द्यावी लागते: मला काही झालं तर हे मूल अमुक नातेवाईक सांभाळील. तो नातेवाईक शोधतानाच कळतं की घरातलं कोण खरंच सोबत आहे.

नात्यातलं मूल असो की परकं, ते पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर बाल न्याय कायद्याखाली त्याचाही होकार घ्यावा लागतो. हिंदू कायद्यात असं कलम नाही. मला नेहमी कवळाण्याचा गोपाळ आठवतो. १८७५ साली बडोद्याच्या जमनाबाईंनी ज्याला दत्तक घेतलं आणि जो सयाजीराव महाराज झाला, तो बारा वर्षांचा होता. कशासाठी आलास असं विचारल्यावर "राज्य करायला" म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण एवढ्या मोठ्या व्यवहारात मुलाला निदान विचारलं तरी, असं ती ऐकून वाटतं.

शेवटचा हुकूम २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हादंडाधिकारी काढतात, आधी न्यायालय काढायचं. त्यावर विभागीय आयुक्तांकडे तीस दिवसांत अपील करता येतं. बाकी न्यायालयंही कधी कधी घरासारखाच विचार करतात. भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीची मुलगी दत्तक घ्यायला नकार दिला, कारण नोकरी करणारी बाई मुलीकडे लक्ष कसं देणार. मुलीच्या आईबापांची संमती होती. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी तो हुकूम रद्द केला. नोकरी करणं ही अपात्रता असती तर आपल्यातले निम्मे आईबाप अपात्र ठरले असते.

पुनर्विवाह केलेल्या बायकांचा प्रश्नही असतो: नव्या नवऱ्याने माझं मूल दत्तक घ्यावं का? पहिला बाप हयात असेल तर त्याची संमती लागते, ताब्याचा दावा चालू असेल तर तो आधी मिटावा लागतो. बाप वारला असेल तर आई ठरवते. मुलाचं आडनाव काय असावं हेही तीच ठरवते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं. आधीच्या सासरच्यांची 'आमच्या घराण्याचं नाव' ही मागणी तिथे टिकली नाही.

आणि जमीन. भाऊबंदांची सगळी कुजबुज तिच्याभोवती असते. दत्तक मूल हे दत्तकाच्या तारखेपासून पोटच्या मुलासारखंच वारस. जन्मघराशी त्याचं नातं तुटतं, फक्त लग्नाच्या निषिद्ध नात्यांपुरतं टिकतं. आधीच त्याच्या नावावर आलेली मिळकत त्याचीच राहते. मात्र दत्तक येण्याआधी दुसऱ्या कुणाच्या नावे झालेली मिळकत ते त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. दत्तक घेतलं म्हणून बापाचा मृत्युपत्र करण्याचा हक्कही जात नाही. एकदा कायदेशीर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही, मूल पसंत पडलं नाही म्हणूनही नाही. तारखेचं महत्त्व नागपूरच्या एका प्रकरणात दिसलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस १९९४ ला वारला, विधवेने १९९६ ला मुलगा दत्तक घेतला. त्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा निकाल २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. दत्तक वैध होतं, पण नवऱ्याच्या मागे झालेलं होतं.

पुण्या-मुंबईचे अमेरिकेत राहणारे बरेच जण गावाकडच्या भावाचं मूल हिंदू कायद्याने दत्तक घेऊन मोकळे होतात आणि मग व्हिसासाठी अडतात. भारत आंतरराष्ट्रीय दत्तकाच्या हेग करारात आहे. परदेशी न्यायचं तर काराची परवानगी लागते. तिकीट काढण्याआधी ते बघावं.

जूनमधल्या त्या कुटुंबाला मी यातलं जेवढं लागू तेवढं सांगितलं. नोटरीचा कागद बाजूला ठेवला, नवा मसुदा केला, चार सह्यांच्या चार ओळी आखल्या. मग पुरुषांना चहा पिऊन या म्हटलं. थोरली जाऊ लगेच म्हणाली, माझी सही आत्ता घ्या. धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. मुलगा आता तिच्या खांद्यावर झोपला होता. मग तिने विचारलं, सही केल्यावर मन बदललं तर काही मुदत असते का. समितीकडे सोपवणाऱ्या आईला साठ दिवस मिळतात, पण ती हिंदू कायद्याने, घरातल्या घरात देणार होती. तिला तसे दिवस नाहीत. मी ते तिला सांगितलं.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "ताई," ती मला म्हणाली, "गणपती होऊ द्यात. मग बघू." मसुदा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.